झाड मान टाकतंय, पण त्याला तहान लागलेली नाही

नमस्कार ताई,
मी लातूरची. घर लहान, अंगण त्याहून लहान. पश्चिमेच्या भिंतीला लागून कुंड्या ठेवायला तेवढी जागा आहे. लेक पुण्यात शिकते. जानेवारीत घरी आली तेव्हा तिथल्या नर्सरीतून इम्पेशन्सची सहा रोपं घेऊन आली. चार साधी, दोन मोठ्या फुलांची आणि गडद पानांची. महिनाभर अशी फुलली की गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. मी ती पिशव्यांतून काढून आमच्या शेतातल्या चांगल्या काळ्या मातीत लावली. मार्चपासून पानं पिवळी पडायला लागली आणि दुपारी झाडं माना टाकायची. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत गेले. आमच्या नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून बोअरचं वापरलं, कधी कूलरमधलं उरलेलं. एकानं सांगितलं म्हणून मूठमूठ युरियाही टाकला. पाच रोपं बुडातून मऊ होऊन गेली. एकच उरलंय, साध्या गुलाबी फुलाचं. सासूबाई म्हणतात, "असली नाजूक झाडं आपल्या मुलखातली नाहीत. तेरडा लाव, महालक्ष्म्यांपुरता तरी होतो." लेकीला अजून काही सांगितलेलं नाही. माझ्या हाताला झाड लागतच नाही का? उरलेलं एक वाचेल का? आणि तेरडा नि हे झाड खरंच एकाच कुळातलं आहे का?

ताई, तुमचं पत्र वाचलं. आधी उठून त्या उरलेल्या कुंडीकडं जा आणि मातीत बोट घाला, दुसऱ्या पेरापर्यंत. माती ओली लागली तर आज पाणी घालू नका. उद्या सकाळी पुन्हा बोट घालून बघा. वरचा पेरभर थर कोरडा लागेल त्याच दिवशी पाणी. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, हे मात्र आजच करा. कारण तुमची पाच रोपं उन्हानं गेलेली नाहीत, पाण्यानं गेली आहेत. 'बुडातून मऊ होऊन' एवढं तुम्ही लिहिलंत, त्यातच सगळं आलं. उन्हानं गेलेलं रोप कडांनी करपतं, वाळून कुडकुडीत होतं. बुड मऊ आणि काळपट पडून रोप कोलमडतं ते मुळं सडल्यावर.

मग दुपारी माना का टाकत होती, असं तुम्ही विचाराल. इम्पेशन्सचं खोड उजेडासमोर धरून बघा. जवळजवळ आरपार दिसतं, इतकं ते पाण्यानं भरलेलं असतं. त्याच्या अंगात लाकूड नाही. सायकलची ट्यूब हवेच्या जोरावर घट्ट राहते, तसं हे झाड आतल्या पाण्याच्या जोरावर उभं राहतं. पानंही पातळ. एप्रिलात आपल्याकडं पारा ४० च्या पुढं गेला आणि कोरडं वारं सुटलं की पानांतून जेवढं पाणी उडून जातं तेवढं मुळांना ओढून आणता येत नाही. माती चिखल झालेली असली तरी येत नाही. म्हणून झाड पानं खाली सोडतं. ऊन कललं की दिवेलागणीपर्यंत आपलं आपण ताठ होतं. त्या वेळी त्याला सावली हवी असते आणि आपण पाणी घालतो. माया असते म्हणूनच घालतो, पण दोन वेळा घातलेल्या त्या पाण्यानं मुळांना श्वास घ्यायला जागाच उरत नाही. पाणी हवंय की नको, हे सकाळी सात वाजता ठरवायचं. रात्रभर गारवा मिळूनही झाड मान टाकलेलंच असेल आणि माती कोरडी असेल तर ते खरंच तहानलेलं आहे. सकाळीही मान खाली आणि माती ओली, असं दिसलं तर मुळं कुजायला लागली आहेत आणि पाण्याचा एक थेंबही नको.

आता काळ्या मातीबद्दल. आपल्या माणसांचा तिच्यावर जीव असतो, माझाही आहे. सोयाबीन, तूर, हरभरा तिनंच दिलं. पण ती शेतात जशी वागते तशी कुंडीत वागत नाही. तिचे कण फार बारीक. पाणी पिऊन ती फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगाळते. शेतात त्या भेगांतून हवा खोल जाते. दहा इंची कुंडीत ती कडेनं सुटते, घातलेलं पाणी कडेच्या फटीतून तळाला उतरतं, तळाशी डबकं साचतं आणि वरची माती मात्र टणक दिसते. म्हणजे आपण पुन्हा पाणी घालतो. त्यात तुमची रोपं नर्सरीतून कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, भुसभुशीत गड्ड्यासकट आलेली. तो गड्डा चिकण मातीच्या मधोमध बसवला की वाटीत स्पंज ठेवल्यासारखं होतं. स्पंज पाण्यात बसून राहतो आणि मुळं वाटीच्या भिंतीतून बाहेर पडत नाहीत. गेलेल्यांपैकी एक कुंडी उलटी करून बघा. मुळं अजून त्याच गड्ड्याच्या आकारात, तपकिरी आणि बोटानं ओढल्यावर साल सुटणारी दिसतील.

मी हे स्वतःच्या अंगणात सोसलेलं आहे. परभणीला घर मांडलं त्या वर्षी मीही शेतातून पोती भरून माती आणली होती आणि आठ कुंड्या हौसेनं भरल्या होत्या. मृग लागायच्या आत आठही गेल्या. कुंड्या उपड्या केल्या तेव्हा तळातून नालीच्या गाळासारखा वास आला. हवा न मिळालेल्या मातीचा तो वास असतो. आजही कोणाच्या कुंडीपाशी तो आला की मी आधी पाणी थांबवायला सांगते, मग बाकीचं बोलते.

काळ्या मातीची दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. तिचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठच्या घरात असतो. या झाडाला सहा ते साडेसहा, म्हणजे किंचित आंबट माती आवडते. सामू चढला की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी म्हणतात केवडा पडला, तोच हा. तुमच्या पत्रात पानं 'पिवळी' एवढंच आहे, म्हणून दोन्ही सांगते. शेंड्याची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडत असतील तर लोह कमी पडतंय. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होऊन गळत असतील तर मुळं गुदमरली आहेत. तुमच्याकडं दोन्ही एकदम झालं असावं असं मला वाटतं, कारण पाणीही तसंच होतं.

त्या पाण्याचं जरा सविस्तर सांगते. लातूरकरांना पाण्याची किंमत कोणी शिकवायला नको. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. त्यामुळं घरातलं उरलेलं पाणी झाडाला घालणं ही आपली सवय आहे आणि ती चांगलीच आहे. फक्त कोणतं उरलेलं, एवढं बघायचं. कूलरमध्ये दिवसभर पाणी उडत असतं आणि क्षार मागं राहतात. टाकीच्या तळाचं पाणी म्हणजे बोअरचंच पाणी, पण कितीतरी पट खारट. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणीही तसंच, क्षार गाळून बाजूला काढलेले त्यात असतात. ही दोन्ही पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा, या झाडाला नको. कुंडीच्या काठावर आणि मातीवर जो पांढरा थर येतो तो या क्षारांचाच. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी उत्तम, मात्र त्यात मीठ घातलेलं नसावं. कोणाकडं एसी असेल तर त्याच्या नळीतून टपकणारं पाणी मागून घ्या. ते हवेतली वाफ थिजून झालेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. नळाचं पाणी येईल त्या दिवशी एक घागर या कुंडीसाठी बाजूला ठेवली तरी एका झाडाला आठवडा पुरते. आणि छतावरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी घालू नका. मे महिन्यात ते हाताला सोसत नाही, तर मुळांना काय सोसेल?

युरियाबद्दल मी रागावणार नाही, कारण ज्यानं सांगितलं त्यानं एकराचा हिशोब डोक्यात ठेवून सांगितलं असेल. कुंडीत मूठभर युरिया म्हणजे कोवळ्या मुळांवर मीठच. शिवाय आजारी झाडाला खत कधीच घालायचं नसतं. मुळं खाऊ शकत नाहीत, खत साचून त्यांनाच भाजतं. उरलेल्या रोपाच्या मातीवर दाणे दिसत असतील तर वरचा थर अलगद खरवडून काढा.

आता ते वाचवायचं कसं. मी तुमच्या जागी असते तर झाडाच्या भरवशावर बसले नसते, त्याची फांदी लावली असती. साध्या इम्पेशन्सचा हा मोठा गुण आहे, फांदी फार लवकर मुळं धरते. ऊन नसताना, सकाळी लवकर, फूल नसलेली कोवळी फांदी निवडा, बोटभर लांबीची. पानाच्या सांध्याच्या किंचित खाली स्वच्छ ब्लेडनं कापा. खालची पानं आणि असतील त्या कळ्या काढा. कळ्या काढताना जीव वर-खाली होतो, पण फूल राहिलं तर फांदी सगळी ताकद त्याच्यावर खर्च करते. चहाच्या काचेच्या ग्लासात दोन बोटं पाणी घेऊन अशा तीन-चार फांद्या ठेवा, पानं पाण्याच्या वर राहतील अशा. घरातल्या उजेडाच्या पण ऊन न येणाऱ्या खिडकीत ग्लास ठेवा आणि दोन दिवसांनी पाणी बदला. दहा-पंधरा दिवसांत पांढरी मुळं सुटतील. ती इंचभर झाली की मातीत लावा, जास्त लांब होऊ देऊ नका, पाण्यात वाढलेली लांब मुळं मातीत लवकर रुळत नाहीत. बुडाशी मऊ पडलेली फांदी मात्र कापू नका, तो सडवा सोबत येतो. शेंड्याकडची, कडक, हिरवी तीच घ्या.

मातीचं मिश्रण असं करा. दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, वर दोन मुठी जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवल्यावर एकदा चांगली पिळून धुवा, कारण त्यातही क्षार असतात. शेणखत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे, सावलीत राहू द्या. पोयटा मिळत नसेल आणि घरची काळीच वापरायची असेल तर ती एकूण मिश्रणाच्या चौथाईहून जास्त नको. कुंडी मातीची घ्या, प्लास्टिकची नको. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडतं आणि माठासारखीच आतली माती गार राहते. तळाचं भोक खापरीनं झाका, बुजवू नका. केवडा दिसला तर चिलेटेड लोह मिळतं, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेत पानांवर संध्याकाळी फवारा. साधं हिराकस आपल्या चुनखडीच्या मातीत घातलं तर मुळांच्या हाती लागायच्या आतच बांधलं जातं.

आणि जागा बदला. त्या पश्चिमेच्या भिंतीला इम्पेशन्स कोणीही जगवू शकणार नाही. ती भिंत दुपारी ऊन पिते आणि रात्री उशिरापर्यंत ओकत राहते. तिथं सदाफुली, चिनी गुलाब लावा, ती तिथं हसतील. या झाडाला सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन आणि नंतर दिवसभर उजेडाची सावली लागते. पूर्वेचा ओटा, उत्तरेची पडवी, दाट कडुनिंबाची सावली यांतलं काही आहे का बघा. आमच्या अंबाजोगाईच्या वाड्यात आई असली नाजूक झाडं रांजणाच्या घडवंचीजवळ ठेवायची. तिथली जमीन कायम ओलसर, हवाही दोन अंश गार. तुमच्या घरी माठ जिथं आहे त्याच्या आसपास उजेड असेल तर मे महिना काढायला त्याहून बरी जागा नाही. नाहीतर एका मोठ्या कुंडीत वाळू भरून ती ओली ठेवा आणि त्यात ही छोटी कुंडी गळ्यापर्यंत बसवा. पाणी बाहेरच्या वाळूत घालायचं, झाडाला बोटाच्या हिशोबानं. वर सोयाबीनच्या काडाचा दोन बोटं थर अंथरा, फक्त खोडाला टेकू देऊ नका. मे महिन्यात फुलं आली नाहीत तरी चालेल. या महिन्यात झाडाकडून जगण्यापलीकडं काही मागू नका.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांचं निम्मं मला पटतं. तुमची ती साधी रोपं पूर्व आफ्रिकेतल्या दमट सावलीतली. मोठ्या फुलांची, गडद पानांची ती न्यू गिनी बेटावरची. तिथून १९७० मध्ये अमेरिकेतल्या शोधपथकानं रोपं गोळा करून नेली आणि त्यांच्यापासून आजच्या कुंडीतल्या जाती तयार झाल्या. आणि तेरडा आपला, भारतातला. तिघांचं कूळ एकच. हजाराच्या वर जाती आहेत या कुळात आणि आपला सह्याद्री त्यांचं मोठं माहेरघर आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर भाद्रपदात जांभळा-गुलाबी गालिचा पसरतो, त्यात मोठा वाटा रानतेरड्याचा असतो. त्या खडकावर माती असते जेमतेम इंचभर, कुठं तीही नाही. पावसाळ्याच्या ओलीवर उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि ऊन कडक व्हायच्या आत निघून जायचं, अशी त्या झाडांची रीत. कुळाचं शास्त्रीय नाव इम्पेशन्स म्हणजे लॅटिनमध्ये अधीर. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की त्याच्या पाकळ्या फटकन गुंडाळतात आणि बी दूर उडतं, त्यावरून ते नाव पडलं. लहानपणी आम्ही पोरी न्हाणीमागच्या तेरड्याची बोंडं फोडायला एकमेकींच्या आधी पळायचो. फुलं-पानं चुरडून नखांना बांधली की सकाळी नखं तांबूस. मेंदीत जो रंग असतो तोच तेरड्यातही असतो, म्हणून त्याला गुलमेंदी म्हणतात.

'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण मला कधी आवडली नाही. एक फूल थोडेच दिवस टिकतं हे खरं, पण झाड दीड-दोन महिने नवी फुलं देत राहतं, तेही उकिरड्याच्या कडेला, कोणी पाणी न घालता. तेव्हा तेरडा लावाच, ताई. इम्पेशन्सच्या जागी नव्हे, त्याच्या सोबतीला.

मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला, माती वीतभर ओली झाली, की बी टाका. तेरड्याला पेरणीपासून फुलायला साधारण ६० ते ७० दिवस लागतात. जूनच्या मध्यावर टाकलेलं बी ऑगस्टच्या शेवटी फुलतं, म्हणजे महालक्ष्म्यांचं आवाहन बहुधा गाठतं. गणपती लवकर येणार असतील त्या वर्षी पावसाची वाट न बघता मे अखेरीस सावलीत ट्रेमध्ये रोपं करून ठेवा. कोकणात तेरड्याची रोपंच गौर म्हणून घरात आणतात. आपल्याकडं मुखवट्याच्या, साड्या नेसवलेल्या महालक्ष्म्या, पुढं पुरणपोळी, सोळा भाज्या आणि ज्वारीची आंबील. पण त्यांच्या हारात घरच्या तेरड्याची जांभळी-गुलाबी फुलं ओवली की बघणाऱ्या बाया विचारतातच, कुठून आणली म्हणून. बी अर्ध्या बोटाच्या जाडीहून खोल नको. आठ-दहा दिवसांत दिसेल. चार पानांवर आलं की वीतभर अंतर ठेवून बाकीची विरळा, उपटलेली दुसरीकडं लावली तरी लागतात. एकदम सगळं टाकू नका, तीन आठवड्यांनी उरलेलं टाका, म्हणजे नवरात्रापर्यंत फुलं राहतील. तेरड्याला इम्पेशन्सपेक्षा जास्त ऊन चालतं, अर्धा दिवस हवंच, नाहीतर नुसता उंच वाढून लवंडतो. जमिनीत लावणार असाल तर काळ्या रानात गादीवाफा उंच करा. झडीच्या पावसात दोन दिवस पाणी साचलं तर तोही बुडातून जातो, अगदी तुमच्या कुंड्यांसारखा.

पावसाळ्यात दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. पानाच्या देठाजवळ साखरेच्या कणांसारखे चमकणारे थेंब दिसतील. ती कीड नव्हे. झाड स्वतःच तो गोड रस सोडतं आणि मुंग्या त्यासाठी येतात, औषध मारू नका. एका रात्रीत पानं फस्त झाली तर शेपटाला काट्यासारखं शिंग आणि अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली मोठी अळी शोधा. हातानं किंवा काडीनं उचलून लांब सोडली की झालं, ती चावत नाही. पाऊस ओसरताना पानांवर वरून पिठासारखी भुरी येते. दाटी कमी करा, रोगट पानं खुडा, फारच झालं तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात, उन्हाची वेळ टाळून. आणि साध्या इम्पेशन्सच्या पानाखाली पांढरी लव दिसली, वरून पान फिकट होऊन खाली वळलं, तर तो लोह कमी पडून येणाऱ्या केवड्याहून वेगळाच, 'केवडा रोग' नावाचा फार वाईट आजार आहे. या एका रोगानं युरोप-अमेरिकेतल्या बागांतून हे झाड काही वर्षं जवळपास हद्दपार केलं होतं. त्याला औषध करत बसू नका. रोप आणि त्याची माती पिशवीत बांधून टाकून द्या, त्या कुंडीत पुन्हा इम्पेशन्स लावू नका. गडद पानांच्या न्यू गिनीला हा रोग सहसा होत नाही. उन्हाळ्यातला शत्रू लाल कोळी. पानाखाली बारीक जाळी, पान धुळकट. सकाळी पानांच्या खालच्या अंगाला पाण्याचा बारीक फवारा रोज दिला तर तो टिकत नाही, कारण त्याला कोरडं हवामान लागतं. नाहीच हटला तर कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, साबणाचे चार थेंब घालून, सूर्य मावळल्यावर.

बी धरायचं तर तेरड्याची बोंडं फुगून फिकी पडली की मूठ पूर्ण मिटून त्यांच्याभोवती धरा आणि मग दाबा, बी तळहातातच फुटेल. रंग पुढच्या वर्षी हुबेहूब येईलच असं नाही, मधमाश्या मिसळ करतात. सावलीत वाळवून जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात ठेवा आणि वर रंग नि महिना लिहा. विकतच्या आधी सासूबाईंना विचारा. त्यांच्या गावाकडच्या घरामागं पहिल्या पावसानंतर तेरडा आपोआप उगवत असेल, तर तिथलं रोप मातीसकट उचलून आणा. आपल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलं बी पाकिटातल्यापेक्षा कणखर असतं, असं मी माझ्या अंगणात पाहिलंय.

इम्पेशन्स पुन्हा आणावंसं वाटलं तर दिवाळी झाल्यावर आणा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्या मुलखात त्याचा खरा काळ, पुण्याहून आलेली रोपंही त्याच दिवसांत इतकी खुलली होती. पारा १० अंशांच्या खाली उतरला की मात्र रात्री घरात घ्या. गुढीपाडव्याच्या सुमारास फांद्या ग्लासात ठेवायच्या, उन्हाळा दोन-तीन छोट्या कुंड्यांत सावलीला काढायचा आणि आषाढात त्यांच्यापासून पुन्हा रोपं वाढवायची. मी गेली कित्येक वर्षं तसंच करते. जुनं झाड मे महिन्यात गेलं तर मी त्याला धरून ठेवत नाही.

तुमच्या हाताचं विचारलंत. पुण्याची हवा आणि कोकोपीटची सवय असलेली रोपं तुम्ही महिनाभर अशी फुलवलीत की गल्ली बघायला आली, मग हाताला झाड लागत नाही असं कसं म्हणता? आणि लेकीला आजच फोन करा. पाच गेली म्हणून सांगा, लपवू नका. कशानं गेली तेही सांगा, म्हणजे पुढच्या खेपेला ती रोपांसोबत कोकोपीटची वीटही आणेल. तीन फांद्या ग्लासात ठेवल्याचंही सांगा. तिच्या उन्हाळी सुटीपर्यंत त्यांना मुळं फुटलेली असतील, तेव्हा ती आल्यावर तिच्याच हातानं मातीत लावून घ्या. एक कुंडी तिला परत जाताना द्या, पण एसटीत खिडकीच्या कडेला ठेवू नको म्हणावं.